मैदान दर हिवाळ्यात बुडतं, तरी क्लब तिथेच का?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं, बसमध्ये इअरफोन विसरलेत किंवा ऑफिसमध्ये गुपचूप वाचताय, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लिखित अवतार. बोललो तेच आहे, फक्त "अं", "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" काढून टाकलेत. थोडे राहिले असतील तर सांभाळून घ्या.

आजचा विषय आहे एक क्रिकेट क्लब आणि एक नदी. क्लबचं नाव वुस्टरशर काउंटी क्रिकेट क्लब. स्पेलिंग बघून 'वॉर्सेस्टरशायर' वगैरे म्हणावंसं वाटतं, पण तिथली माणसं 'वुस्टरशर' एवढंच म्हणतात. किचनमध्ये जो वुस्टरशर सॉस असतो ना, तो याच गावचा. इंग्लंडमधलं वुस्टर हे शहर, त्यातून वाहणारी सेव्हर्न नदी, आणि नदीच्या पश्चिम काठावर क्लबचं मैदान, न्यू रोड.

आता एक काम करा. मोबाइलवर या मैदानाच्या पुराचे फोटो शोधा. एक मोठं तळं दिसेल. तळ्यात मध्येच साइटस्क्रीन उभी, स्कोअरबोर्ड उभा, स्टँडच्या खालच्या रांगा पाण्यात. मागे पलीकडच्या काठावर भलंमोठं कॅथेड्रल. फोटो इतका सुंदर येतो की त्याचं पोस्टकार्ड करावं. फक्त ते तळं म्हणजे एका प्रोफेशनल क्लबचं पीच आणि आउटफिल्ड आहे, हे लक्षात आलं की पोटात गोळा येतो.

आणि हे एकदा झालेलं नाही. हिवाळ्यात हे मैदान बुडणं ही तिथे जवळजवळ नेहमीची गोष्ट आहे. क्लब १८६५ साली सुरू झाला आणि १८९९ पासून इथे फर्स्ट क्लास क्रिकेट चालू आहे. म्हणजे सव्वाशे वर्षं नदी येते, जाते, आणि क्लब चिखल धुऊन पुन्हा स्टंप रोवतो. मग साहजिक प्रश्न पडतो. ही माणसं तिथून उठून दुसरीकडे का जात नाहीत? आणि आता अचानक जाण्याची भाषा का सुरू झाली?

आपला काय संबंध?

संबंध आहे. १९४६ साली भारताचा संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला, तेव्हा दौऱ्यातला पहिला सामना इथेच झाला होता. त्या दौऱ्याच्या संघात सांगलीचे विजय हजारे होते. त्या काळात परदेशी संघांनी दौऱ्याची सुरुवात वुस्टरला करायची अशी जवळपास प्रथाच होती. ब्रॅडमनने या मैदानावर १९३०, १९३४ आणि १९३८ अशा तीन दौऱ्यांत तीन द्विशतकं ठोकली. १९४८ ला आला तेव्हा फक्त शतक केलं, म्हणजे त्याच्या हिशेबाने अपयशच!

आणि अलीकडचं सांगायचं तर आपला श्रीरामपूरचा झहीर खान. २००६ मध्ये भारतीय संघाबाहेर असताना तो वुस्टरशरकडून काउंटी खेळायला गेला आणि त्या मोसमात त्याने ७८ विकेट काढल्या. त्याच वर्षाच्या शेवटी तो दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर भारतीय संघात परत आला. पुढे २०११ च्या वर्ल्ड कपमध्ये आपण जो झहीर पाहिला, त्याची दुरुस्ती या क्लबच्या गॅरेजमध्ये झाली होती, असं म्हणायला हरकत नाही.

नदी नेमकी करते काय?

सेव्हर्न ही ब्रिटनमधली सगळ्यात लांब नदी, साधारण ३५४ किलोमीटर. वेल्समधल्या प्लिनलिमन डोंगरात उगम, मग श्रूसबरी, ब्यूडली, वुस्टर, ट्यूक्सबरी, ग्लॉस्टर असं करत ती समुद्राला मिळते. वेल्सच्या डोंगरात पाऊस दणकून पडतो. तो पाऊस वुस्टरला पोहोचायला वेळ लागतो. त्यामुळे वुस्टरमध्ये स्वच्छ ऊन पडलेलं असतं आणि तरीही नदी चढत असते. सांगली-कोल्हापूरकडच्या ऐकणाऱ्यांना हे वेगळं समजवायला नको. पाऊस घाटात आणि पाणी गावात.

याची एक चांगली बाजू आहे: वेळ मिळतो. रोलर, गवत कापायची मशिन, कव्हर, जाळ्या, फ्रीज, फर्निचर, जे हलवता येतं ते उंचावर हलवता येतं. वाईट बाजू अशी की असं सावकाश आलेलं पाणी सावकाशच जातं. डोंगरातला पूर काही तासांत येऊन ओसरतो. इथलं पाणी दिवसेंदिवस ठाण मांडून बसतं.

त्यात आणखी एक भानगड. वुस्टरच्या थोडंसं खाली सेव्हर्नला दुसरी एक नदी मिळते. तिचं नाव उच्चारायला 'टीम', पण खेळाच्या टीमशी काही संबंध नाही. ही टीम नदी भरून आली की सेव्हर्नच्या पाण्याला पुढे सरकायला जागा उरत नाही आणि ते मागे वुस्टरकडे फुगतं. आपल्याकडे याला फुगवटा म्हणतात. कृष्णा तुडुंब असली की नृसिंहवाडीच्या संगमाजवळ पंचगंगेचं पाणी अडून मागे फुगतं, अगदी तसंच.

मग कुणीतरी विचारणारच: वरती धरण नाही का? आहे. क्लुवेडॉग नावाचं धरण १९६७ मध्ये पूर्ण झालं. पण त्याचं मुख्य काम उन्हाळ्यात नदीत पाणी सोडत राहणं हे आहे. आणि ते उगमाजवळ आहे. त्याच्या खाली पडलेला पाऊस, त्याच्या खाली मिळणाऱ्या सगळ्या उपनद्या, यांच्यावर त्याचा काहीही ताबा नाही. धरण फक्त आपल्या वरच्या भागातलं पाणी अडवू शकतं. हे वाक्य पूर आला की व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या बऱ्याच मेसेजना लागू पडतं.

मग मैदान तिथे बांधलंच का?

मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत आवडलेला मुद्दा हा आहे.

आपण म्हणतो, "मैदानात पाणी शिरलं." पण नदीच्या नकाशात बघितलं तर ती जागा नदीचीच आहे. नदीला दोन पात्रं असतात असं समजा. एक रोजचं, ज्यात ती वर्षभर वाहते. दुसरं पुराचं, म्हणजे आजूबाजूची सपाट जमीन, जी ती वर्षातून काही दिवस वापरते. शहरातली शहाणी माणसं या सपाट जमिनीवर घरं बांधत नव्हती, कारण आजोबांनी तिथे पाणी पाहिलेलं असायचं. मग शहराला खेटून असलेली, सपाट, मोकळी, घरांसाठी कुणालाही नको असलेली जागा कशासाठी उरते? गुरं चारायला आणि खेळायला.

वुस्टरमध्ये हे अगदी स्पष्ट दिसतं. नदीकाठी क्रिकेटचं मैदान आहे, तसाच वरच्या बाजूला पिचक्रॉफ्ट नावाचा घोड्यांच्या शर्यतींचा रेसकोर्स आहे. तोही बुडतो. दोन्ही योगायोगाने नदीकाठी आलेले नाहीत. कॅथेड्रल मात्र पलीकडच्या काठावर, उंचावर. कॅथेड्रलच्या नदीकडच्या दरवाज्याच्या भिंतीवर जुन्या पुरांच्या पातळ्या कोरून ठेवल्या आहेत, अगदी १६७२ पासूनच्या. त्यात १७७० चा पूर आहे, १९४७ चाही आहे. म्हणजे लोकांना सगळं माहीत होतं. सांगलीला आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी वाचली जाते आणि अख्खं गाव "किती फूट झालं?" एवढंच विचारतं, तशी ती वुस्टरची भिंत.

न्यू रोडची जमीनही मुळात कॅथेड्रलच्या मालकीची होती. क्लबने ती १९७६ मध्ये विकत घेतली. घेताना ती बुडते हे त्यांना ठाऊक नव्हतं, असं कुणीच म्हणणार नाही.

थोडक्यात, मैदान नदीकाठी असूनही टिकलं असं नाही. तिथे टिकण्यासारखं काही असेल तर ते मैदानच होतं. घर बुडालं तर संसार जातो, मैदान बुडालं तर धुता येतं. हा सौदा शंभर वर्षं परवडला.

पाणी मैदानाचं काय बिघडवतं?

धुता येतं म्हणालो, पण ते काम गच्चीवर पाइप मारण्याइतकं सोपं नाही.

गवताच्या मुळांनाही श्वास लागतो. माती नेहमीची असते तेव्हा तिच्या कणांमध्ये हवा असते. मैदान बुडलं की त्या जागेत पाणी भरतं आणि मुळांचा ऑक्सिजन तुटतो. हिवाळ्यात थंडीमुळे गवत जवळजवळ झोपलेलं असतं, त्याची भूक कमी असते, म्हणून ते काही दिवस तग धरतं. उन्हाळ्यात तेच गवत जोमात वाढत असतं. कोमट, साचलेल्या पाण्याखाली ते पटकन सडतं. म्हणून जानेवारीचा पूर आणि जुलैचा पूर यांची उंची सारखी असली तरी नुकसान सारखं नसतं.

दुसरी गोष्ट गाळ. पाणी ओसरताना बारीक गाळाचा थर मागे सोडतं. तो वाळला की पापडासारखा कडक होतो आणि मातीची भोकं बुजवतो. म्हणून तो ओला असतानाच धुऊन किंवा ओढून काढायचा. पण जमीन ओली असताना जड मशिन नेली तर माती दबते आणि पुढे पाणी झिरपतच नाही. म्हणजे लवकर जायचं आणि जडही जायचं नाही! ग्राउंड्समन नावाच्या माणसाचं डोकं इथे कामाला लागतं.

तिसरी गोष्ट पुराच्या पाण्यात काय काय येतं ती. ड्रेनेज, काचा, फांद्या, डिझेल, मेलेले मासे. खेळाडू ज्या जमिनीवर डाइव्ह मारणार, तिथे काचेचा एक तुकडा राहिला तरी चालत नाही. त्यामुळे सगळं मैदान अक्षरशः पायी फिरून वेचावं लागतं.

आणि चौथी गोष्ट मधला चौक, म्हणजे जिथे पिचेस असतात तो भाग. तिथली माती मुद्दाम चिकणमातीची असते आणि रोलर फिरवून फिरवून घट्ट केलेली असते. ती भिजायला वेळ लागतो आणि वाळायला त्याहून जास्त. वरून कोरडी दिसली तरी आत ओल असते. अशा पिचवर एक बॉल छातीवर येतो आणि पुढचा घोट्याखाली जातो. खेळण्यालायक व्हायला तिला ऊन, वारा आणि भरपूर दिवस हवे असतात. हे "दिवस" लक्षात ठेवा, पुढे गोष्ट याच शब्दावर येऊन अडते.

२००७: उन्हाळ्यातला पूर

हिवाळ्यातल्या पुराची सवय असलेल्या क्लबला २००७ मध्ये उन्हाळ्यात फटका बसला. आधी जूनमध्ये, मग २० जुलैच्या मुसळधार पावसानंतर पुन्हा. भर मोसमात मैदान पाण्याखाली. सामने रद्द झाले, घरचे सामने किडरमिन्स्टरला हलवावे लागले. किडरमिन्स्टर वुस्टरच्या उत्तरेला, वीस-पंचवीस किलोमीटरवर.

त्या वर्षीचा पूर फक्त क्रिकेटपुरता नव्हता. वुस्टरच्या खाली ट्यूक्सबरीजवळ मिथ इथलं पाणी शुद्ध करण्याचं केंद्रच बुडलं आणि ग्लॉस्टरशरमधल्या साधारण साडेतीन लाख लोकांच्या नळाला पाणी येईना. काही ठिकाणी हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं. दारात नदी आणि नळ कोरडा. त्या उन्हाळ्यात देशभरात सुमारे ५५,००० घरं-दुकानं बुडाली आणि १३ माणसं गेली. अशा वेळी "आमचं क्रिकेटचं मैदान बुडालं हो" हे सांगायलाही क्लबला संकोच वाटला असेल.

तरीही क्लब थांबला. जुनं पॅव्हेलियन पाडून २००९ मध्ये नवं उभं केलं, त्याला आपल्याच ग्रॅमी हिकचं नाव दिलं. पुरानंतर पळून जायच्या ऐवजी त्याच जागी नवी इमारत! हा निर्णय भावनिक होता तसाच हिशेबाचाही होता. उन्हाळी पूर हा अपवाद आहे, हिवाळी पुराची आपल्याला सवय आहे, असा तो हिशेब.

मग आता काय बदललं?

आता "दिवस" या शब्दाकडे येऊ.

ऑक्टोबर २०२२ ते मार्च २०२४ हे १८ महिने. इंग्लंडमध्ये १८३६ पासून पावसाच्या नोंदी आहेत, आणि त्या सगळ्यांत कुठल्याही १८ महिन्यांत पडला नसेल इतका पाऊस या काळात पडला. ऑक्टोबर २०२३ मध्ये बॅबेट वादळ, जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला हेंक वादळ. त्या हिवाळ्यात न्यू रोड एकदा बुडून मोकळं झालं नाही, पुन्हा पुन्हा बुडलं. एक पूर ओसरून जमीन जरा सावरते तोवर दुसरा.

यामागचं विज्ञान एका ओळीत सांगतो. हवा एक अंश सेल्सियसने तापली की ती साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. ढगाची टाकी मोठी झाली की नळ उघडल्यावर पाणीही जास्त येणार.

पण बदललेली ही एकच बाजू. दुसरी बाजू क्रिकेटची आहे आणि तिच्याकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही. १८९९ मध्ये न्यू रोडवर पहिला फर्स्ट क्लास सामना झाला तो मे महिन्यात. २०२४ चा काउंटी मोसम सुरू झाला ५ एप्रिलला. मधल्या काळात क्रिकेटच्या कॅलेंडरमध्ये टी-ट्वेंटी आलं, द हंड्रेड आलं, आणि भर उन्हाळ्याचे चांगले दिवस त्यांनी घेतले. चार दिवसांचं क्रिकेट एप्रिल आणि सप्टेंबरच्या टोकांना ढकललं गेलं.

म्हणजे बघा, एका बाजूने पूर मार्चकडे सरकतोय आणि दुसऱ्या बाजूने मोसम मार्चकडे सरकतोय. मैदानाला वाळायला जे दिवस मिळायचे ते दोन्हीकडून खाल्ले गेले. पूर्वी फेब्रुवारीत बुडालं तरी मे उजाडेपर्यंत निभावून जायचं. आता फेब्रुवारीत बुडालं की पुढच्या पाच-सहा आठवड्यांत टीव्हीवर दाखवण्याजोगं पीच तयार पाहिजे. २०२४ मध्ये ते झालं नाही. घरचे पहिले दोन चॅम्पियनशिप सामने पुन्हा किडरमिन्स्टरला गेले.

सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळेल. सर्व्हर अधूनमधून बंद पडणं चालतं, जोपर्यंत तो रात्री तीनला बंद पडतो. तोच दुपारी बाराला पडायला लागला की मॅनेजर "दुसरीकडे शिफ्ट करू" म्हणतो. वुस्टरशरचे त्यावेळचे प्रमुख ॲशली जाइल्स, हो, तोच इंग्लंडचा डावखुरा स्पिनर, जाहीरपणे म्हणू लागले की न्यू रोडवर कायम राहता येईल का याचा विचार करावा लागेल.

भिंत बांधून टाका की!

हा सल्ला प्रत्येक पुरानंतर येतो. म्हणून एक दुसरं गाव बघून येऊ. इंग्लंडच्या अगदी उत्तरेला, स्कॉटलंडच्या सीमेजवळ कार्लाइल नावाचं शहर आहे. तिथे तीन नद्या मिळतात: ईडन, पेटरिल आणि कॉल्ड्यू. पेटरिलच्या काठी कार्लाइल युनायटेड या फुटबॉल क्लबचं मैदान, ब्रंटन पार्क.

जानेवारी २००५ मध्ये शहर बुडालं, मैदानही बुडालं. त्यानंतर सुमारे ३.८ कोटी पौंड खर्चून पूरभिंती बांधल्या, काम २०१० मध्ये पूर्ण झालं. दोनशे वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराला पुरतील अशा. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. डिसेंबर २०१५ मध्ये डेस्मंड वादळ आलं. जवळच्या डोंगरात हॉनिस्टर पास इथे २४ तासांत ३४१.४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या देशातला विक्रम. पाणी भिंतींवरून आत आलं. दोन हजारांवर घरं-दुकानं बुडाली, आणि ब्रंटन पार्कही.

"दोनशे वर्षांतून एकदा" या शब्दांनी इथे घोळ होतो. ऐकणाऱ्याला वाटतं, आत्ताच येऊन गेला, आता नातवंडांच्या काळात येईल. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा की दर वर्षी तो येण्याची शक्यता अर्धा टक्का असते. आणि मागच्या वर्षी आला होता याची नदी आठवण ठेवत नाही. मोबाइलचा कॅल्क्युलेटर काढा. पूर न येण्याची शक्यता वर्षाला ०.९९५. तीस वर्षं सलग न येण्याची शक्यता ०.९९५ चा तिसावा घात, म्हणजे साधारण ०.८६. म्हणजे तीस वर्षांच्या होमलोनच्या काळात तो पूर येण्याची शक्यता १४ टक्के. सातात एक. आणि हा हिशेब हवामान बदलत नाही असं धरून.

त्या पुरानंतर कार्लाइलचे खेळाडू बूट बाजूला ठेवून लोकांच्या घरातलं भिजलेलं सामान बाहेर काढायला गेले. क्लब स्वतः बेघर होता, घरचे सामने प्रेस्टन, ब्लॅकबर्न, ब्लॅकपूल अशा दुसऱ्यांच्या मैदानांवर खेळत होता. आणि ३१ जानेवारी २०१६ ला ब्रंटन पार्कवर एफए कपमध्ये एव्हर्टनसारखा बडा संघ आला. कार्लाइल ०-३ हरलं. पण अर्धं गाव अजून भाड्याच्या घरात राहत असताना सगळ्यांना एका जागी जमायला ते एक ठिकाण उघडं होतं. क्लब कशासाठी असतो, याचं याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

न्यू रोडला भिंत घालण्यात आणखी एक अडचण आहे. एक हेक्टर जमिनीवर दीड मीटर पाणी साचलं तर ते किती होतं? दीड कोटी लिटर. आपल्याकडचे दहा हजार लिटरचे दीड हजार टँकर, आणि हे फक्त एका हेक्टरचं. भिंत घालून हे पाणी मैदानाबाहेर ठेवलं तर ते नाहीसं होणार नाही. ते समोरच्या काठावर किंवा खालच्या गावात कुणाच्या तरी घरात जाईल. बुडणारं मैदान हे एका अर्थी शहराचा टबच आहे.

बिल कोणाच्या नावावर?

आता खरा वादाचा मुद्दा. मैदान पाणी पोटात घेतं, त्याचा फायदा सगळ्या शहराला. चिखल काढायचं बिल मात्र एकट्या क्लबचं.

इंग्लंडमध्ये पूरग्रस्त घरांना परवडेल असा विमा मिळावा म्हणून २०१६ पासून फ्लड री नावाची योजना आहे. सगळ्या विमा कंपन्या मिळून जोखीम वाटून घेतात. पण ती फक्त घरांसाठी. दुकानं, कारखाने, क्लब त्यात येत नाहीत. एखादी जागा वारंवार बुडते असं विमा कंपनीला दिसलं की ती काय करणार? एकतर हप्ता आकाशाला भिडणार, नाहीतर "पूर सोडून बाकी सगळं" असा विमा मिळणार.

त्यात क्लबची कमाई फक्त तिकिटांवर चालत नाही. हॉलमध्ये लग्नं, कंपन्यांच्या मीटिंगा, जेवणं, यावर हिवाळा निघतो. म्हणजे ज्या महिन्यांत क्रिकेट नसतं आणि हॉल भाड्याने द्यायचा असतो, नेमक्या त्याच महिन्यांत नदी येते.

उठायचं की राहायचं?

वुस्टरशर हा सभासदांचा क्लब आहे. इंग्लंडमधल्या १८ काउंट्यांपैकी बहुतेक अशाच आहेत. कुणी एक मालक नाही. त्यामुळे मैदान सोडायचं की नाही हा प्रश्न वर्गणी भरणाऱ्या सभासदांपुढे आहे.

त्यांच्या बाजूने बघा. न्यू रोड शहराच्या मध्यात आहे. रेल्वे स्टेशनातून चालत येता येतं. लेडीज पॅव्हेलियनमध्ये मिळणारा चहा आणि केक यांची कीर्ती सगळ्या काउंटी क्रिकेटमध्ये आहे. एखादे सत्तरीतले आजोबा सकाळी डबा घेऊन पायी येतात, ओळखीच्या खुर्चीत बसतात, दुपारी केक खातात, संध्याकाळी पायी घरी जातात. हेच मैदान उद्या हायवेलगत, प्रशस्त पार्किंगसह, कोरड्या जमिनीवर गेलं तर क्रिकेट वाचेल, पण ते आजोबा येतील का? शहरातली हॉटेलं, पब, टॅक्सी यांचं काय? क्लब म्हणजे फक्त अकरा खेळाडू असते तर प्रश्न सोपा होता.

आणि दुसरी बाजूही खरी आहे. दर हिवाळ्याला नुकसान सोसून क्लबच दिवाळखोरीत निघाला तर सुंदर मैदान राहील आणि त्यावर खेळायला कुणी नसेल. २०२५ मध्ये द हंड्रेडच्या संघांची हिस्सेदारी विकली गेली, त्यातला वाटा काउंट्यांनाही आहे. असा पैसा पुन्हा पुन्हा येत नाही. तो गाळ काढण्यात घालवायचा की नव्या जागेत?

मला स्वतःला काय वाटतं ते सांगतो. क्लबने एप्रिलचे सामने कायमचे किडरमिन्स्टरला न्यावेत आणि मे ते सप्टेंबर न्यू रोडवर राहावं. एकाच जागेवर सगळा भार टाकण्यापेक्षा दोन ठिकाणी वाटून घ्यावा. आणि मैदान शहरासाठी पाणी झेलतं, तर साफसफाईच्या खर्चात शहराने आणि सरकारनेही हात घालावा. ही मदत मागण्यात भीक कसली? ते एका सेवेचं भाडं आहे. हे सगळ्यांना पटेलच असं नाही. रोजचा हिशेब बघणारा माणूस म्हणेल, दोन मैदानं सांभाळायचा खर्च तुझा काका देणार का? बरोबर आहे त्याचं.

एक गोष्ट मात्र कुठल्याही गावाला लागू होते. तुमच्या गावात नदीकाठी एखादं मोकळं मैदान असेल, पावसाळ्यात बुडणारं, तर "एवढी जागा वाया चाललीये, भराव टाकून काहीतरी बांधू" असं म्हणणारा कुणीतरी भेटेलच. त्याला एवढंच विचारा, त्या जागेवर दरवर्षी जे पाणी बसतं, ते पुढच्या वर्षी कुणाच्या घरी बसवायचं?

तुमच्या गावात असं मैदान, तालीम किंवा क्लब असेल तर एक व्हॉइस नोट पाठवा. पाणी आलं की तिथे काय होतं, ओसरल्यावर पहिलं काम कोण करतं, आणि पुन्हा खेळ सुरू व्हायला किती दिवस जातात, एवढं सांगा. चांगल्या नोट्स पुढच्या भागात ऐकवू. तोवर काळजी घ्या, आणि नदीकाठी खेळत असाल तर बॉल जपून!